कोंबड्यांची मानमोडी

दारात चार कोंबड्या असल्या की घराला आधार असतो. अंडी विकून मीठ-मिरची येते, पोरांच्या वह्या येतात. पण मानमोडीची साथ आली, की थोड्याच दिवसांत खुराडे रिकामे होते.

या रोगाला राणीखेत असेही म्हणतात. राणीखेत हे हिमालयातील कुमाऊं भागातले गाव. आपल्या देशात हा रोग प्रथम तेथे ओळखला गेला. इंग्लंडात न्यूकॅसल येथे तो १९२६ साली दिसला.

हा रोग कोणाच्या नजरेने किंवा देवीच्या कोपाने होत नाही. तो विषाणूने होतो. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. आजारी कोंबडीच्या विष्ठेतून आणि नाकातोंडाच्या पाण्यातून तो बाहेर पडतो. मग दाणे, पाणी, डालगे, आपल्या वहाणा यांबरोबर दुसऱ्या खुराड्यात जातो.

कोंबडी पेंगते. हिरवी, पातळ हगवण लागते. चोच उघडून धापा टाकते. पंख लोंबतात, पाय लुळे पडतात, मान वाकडी होते. म्हणूनच या रोगाला मानमोडी म्हणतात.

रोग झाल्यावर त्याला औषध नाही. तेव्हा धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. लस आधीच द्यावी. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा एक थेंब घालतात. सुमारे आठव्या आठवड्यात दुसरी लस टोचतात. पुढच्या लशी केव्हा द्यायच्या, ते जनावरांच्या दवाखान्यात विचारावे.

लस बर्फात ठेवून आणावी. एका बाटलीत पुष्कळ कोंबड्यांची लस असते, आणि कालवल्यावर ती फार वेळ टिकत नाही. म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लस द्यावी. त्यात खर्चही वाटला जातो.

नवी कोंबडी आणली तर तीन आठवडे वेगळी ठेवावी.

एक कोंबडी आजारी पडली, की पुष्कळ जण उरलेल्या घाईने बाजारात नेतात. चार पैसे सुटतील, असे वाटते. पण कोंबडीबरोबर रोगही विकला जातो. आज आपण तो दुसऱ्या गावाला दिला, तर उद्या त्याच बाजारातून तो आपल्या दारी येईल. तसे करू नका. दवाखान्यात कळवा. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

प्रश्न : १. मानमोडी कशामुळे होते? २. लस केव्हा द्यावी? ३. साथीच्या दिवसांत कोंबड्या बाजारात का नेऊ नयेत?