बर्फ वाचणारी मुले

जत्रेत आपण बर्फाचा गोळा खातो. तो हातात धरला की बोटे बधिर होतात. पण सारा हिवाळा बर्फावर काढणारी माणसेही या जगात आहेत. त्यांची गोष्ट आज आपण वाचू.

कॅनडा देशाच्या अगदी उत्तरेला इनुइट लोक राहतात. तिथे समुद्रसुद्धा गोठतो. हिवाळ्यात काही गावांत आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. तिथे शेती पिकत नाही. सील नावाचा समुद्रातला प्राणी, रानातले हरीण आणि मासे यांवर या लोकांनी पिढ्यान् पिढ्या गुजराण केली.

अशा मुलखात पोरांचा पहिला धडा वाटेचा. वडील त्यांना घसरगाडीवरून बरोबर नेतात. या गाडीला चाके नसतात. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोरीने बांधतात. त्यामुळे ती उंचसखल बर्फावर लवते, पण मोडत नाही. पूर्वी ती कुत्री ओढीत. आता बहुतेक ठिकाणी बर्फावर चालणारी मोटार ओढते.

वाट कशी ओळखायची? नेहमीच्या वाऱ्याने बर्फावर कडक वळ्या पडतात. त्या पाहून दिशा कळते. अंधारात पायाने चाचपल्या तरी कळते. समुद्रावरचा बर्फ काळसर दिसला, तर तो पातळ समजावा. आधी भाल्याने ठोकून पाहावे, मग पाऊल टाकावे. इथे चूक झाली तर जीव जातो.

१९५० नंतर सरकारने पुष्कळ मुले घरापासून दूर, वसतिगृहाच्या शाळांत नेली. मुले अक्षरे शिकली, पण बर्फ वाचायचे राहून गेले. मायबोलीही कित्येकांची सुटली. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी अशा शाळांबद्दल संसदेत माफी मागितली.

१९९९ साली इनुइट लोकांचा नुनावुत हा प्रदेश झाला. नुनावुत म्हणजे 'आपली भूमी'. आता तिथले म्हातारे शाळेतल्या मुलांना बर्फावर घेऊन जातात. दिशा दाखवणारी यंत्रे आली आहेत. पण बर्फ कुठे पातळ आहे, हे ते यंत्र सांगत नाही. शिवाय हवा तापत चालली आहे. बर्फ उशिरा धरतो, लवकर फुटतो. म्हणून म्हाताऱ्यांनाही नव्याने पारख करावी लागते.

आम्हांला वाटते, पुस्तक वाचावे आणि आपला मुलूखही वाचावा. एक शिकताना दुसरे विसरू नये. तुम्ही आता अक्षरे वाचू लागलात. पण ढग आणि माती तुम्ही आधीपासूनच वाचत होता. तेही तुमच्या पोरांना शिकवा.