बाभळीचा कांटा व सायकल

बारामती-इंदापूर भागांत बांधोबांधीं बाभळी; म्हणून सायकलस्वाराचा खरा वैरी कांटाच होय. बेलफास्टच्या डनलप नामक पशुवैद्यानें १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. बसणें सुखाचें झालें, पण पंक्चर पाठीस लागलें.

ट्यूब काढून हवा भरावी व पाण्यांत बुडवावी. बुडबुडे येतील तेथें खूण करून जागा कोरडी करावी व काचकागदानें घांसावी. सोल्यूशन लावून तें जरा सुकूं द्यावें. ओलेंच असतां ठिगळ धरत नाहीं. मग ठिगळ घट्ट दाबावें.

परंतु ट्यूब बसविण्यापूर्वीं टायरच्या आंतून फडकें फिरवावें. कांटा असेल तेथें तें अडकेल. तो काढल्यावांचून निघालेल्या विद्यार्थ्यास परीक्षेच्या दिवशींही सायकल ढकलीतच शाळा गांठावी लागेल.