एका वाटी आमटीच्या कॅलरी किती?

प्रश्न: कॅलरी मोजण्याच्या ॲपमध्ये ‘आमटी, एक वाटी’ शोधलं, तर एका नोंदीत ९०, दुसरीत २१० कॅलरी दिसतात. खरं काय धरायचं?

उत्तर: अशा बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. आधी ताळा करून बघा. प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या ग्रॅमना ४ ने गुणा, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमना ९ ने. नोंदीत प्रथिनं ७, कर्बोदकं २०, स्निग्ध ५ ग्रॅम असतील, तर बेरीज १५३ येते. तिथे ९० लिहिलं असेल तर ती नोंद सोडून द्या. तंतूंमुळे थोडा फरक पडतो, तो चालेल.

खरा घोळ कच्च्या-शिजलेल्याचा असतो. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे ३३० कॅलरी असतात. शिजून वजन वाढलं तरी कॅलरी तेवढ्याच. म्हणून डाळ कोरडीच तोला. फोडणीचं तेल अंदाजाने ओतू नका. चहाच्या एका चमच्याला जवळपास ४० कॅलरी होतात. मग ही तुमच्या घरची आमटी ॲपमध्ये स्वतःच नोंदवून ठेवा. कच्च्या जिन्नसांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतून घ्या.

आणि घरात कुणाचा इन्सुलिनचा डोस कर्बोदकं मोजून ठरत असेल, तर न तपासलेल्या नोंदीवर मुळीच विसंबू नका.