चोलमंडल : कलावंतांचे गाव

चित्रकाराने पोट कसे भरावे, हा प्रश्न कलेच्या इतिहासग्रंथांतून सहसा विचारला जात नाही. राजाश्रय होता तोवर त्याची निकडही फारशी भासली नसावी. तंजावरच्या मराठा दरबाराने, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७९८–१८३२), चित्रकारांना आधार दिला. सोन्याचा वर्ख आणि खडे जडविलेली तंजावर शैलीची देवचित्रे त्या आश्रयाने फुलली. राजाश्रय आटल्यावर मात्र कलावंताला नवा पोशिंदा शोधणे भाग पडले. चेन्नईच्या दक्षिणेस सागरकिनाऱ्यालगत वसलेले चोलमंडल हे गाव म्हणजे या प्रश्नाला कलावंतांनी स्वतःच दिलेले एक उत्तर होय.

या गावाचे मूळ मद्रासच्या कलाशाळेत आहे. अलेक्झांडर हंटर या शल्यवैद्याने १८५० साली ती खाजगी रीत्या सुरू केली व लवकरच ती सरकारी झाली. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेपेक्षा ती सात वर्षांनी वडील. आरंभी तिचा भर चित्रकलेपेक्षा उपयुक्त कारागिरीवर होता. १९२९ मध्ये देवीप्रसाद रायचौधरी हे तिचे पहिले भारतीय प्रमुख झाले आणि तेथील ललितकलेच्या शिक्षणाला नवे तेज चढले. अवजड शिळा हलविण्यासाठी सर्व बळ एकवटलेले त्यांचे चार मजूर आजही मरीना किनाऱ्यावर उभे आहेत.

रायचौधरींचे शिष्य के. सी. एस. पणिक्कर (१९११–१९७७) यांनी १९४४ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. मुंबईचा सुप्रसिद्ध प्रोग्रेसिव्ह गट निघाला तो त्यानंतर तीन वर्षांनी. १९५७ मध्ये पणिक्कर कलाशाळेचे प्राचार्य झाले. पाश्चात्त्यांचे अनुकरण न करता आधुनिक कसे व्हावे, हा त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न होता. १९६३ पासूनच्या ‘शब्द आणि चिन्हे’ या चित्रमालिकेत त्यांनी अंक, कुंडलीची घरे आणि मल्याळम लिपीचा भास निर्माण करणारी, परंतु वाचता न येणारी अक्षरे योजिली. वाचकाने त्यांतून अर्थ काढावा अशी अपेक्षा नाही. पोथीचे पान जसे नुसते दृश्य म्हणूनही मनात ठसते, तसे हे चित्र पाहावयाचे असते.

परंतु प्राचार्यांना दुसरीही चिंता होती. विद्यार्थी उत्तम चित्रकार होऊन बाहेर पडत. चित्रांना मात्र गिऱ्हाईक नसे. मग नोकरी धरावी लागे आणि कुंचला हातातून सुटे. यावर त्यांनी हस्तव्यवसायाचा मार्ग सुचविला. त्यात बाटिकचे काम विशेष उपयोगी पडले. वितळलेल्या मेणाने कापडावर आकृती काढावयाची व कापड रंगात बुडवावयाचे. मेणाखालचा भाग कोरा राहतो आणि मेणाला पडलेल्या भेगांतून रंग झिरपून बारीक जाळी उमटते. असे कापड सामान्य गिऱ्हाईकही घेई. या विक्रीच्या आधारावर १९६६ मध्ये इंजंबाक्कम येथे सुमारे दहा एकर जमीन घेण्यात आली. ना सरकारी अनुदान, ना कोणा धनिकाची देणगी! कलावंतांनी तेथे झोपड्या बांधल्या आणि एक साधा क्रम आखला : काही वेळ हस्तव्यवसायाला, उरलेला आपल्या कलेला.

कारागिरीने कला बाटेल, अशी शंका घेणे स्वाभाविक होते. तिचे उत्तर येथील शिल्पकारांनी दिले. पी. व्ही. जानकीराम यांनी धातूचे पत्रे ठोकून व जोडून मूर्ती घडविल्या; देवळातील मूर्तींवर चढविल्या जाणाऱ्या धातूच्या कवचांशी त्यांचे नाते सहज ध्यानी येते. पणिक्करांचे पुत्र एस. नंदगोपाल यांनीही धातूलाच आपले माध्यम केले. हाताला जे पोटासाठी शिकावे लागले, तेच येथे कलेचे बळ झाले.

तथापि, गाव सर्वच दुःखांवर औषध ठरले नाही. स्वप्नासारख्या अद्भुत नगरींची रेखाचित्रे काढणारे के. रामानुजम हे येथील एक विलक्षण प्रतिभावंत. त्यांना येथे निवारा व सहकारी लाभले, तरी मनाची एकाकी व्यथा सरली नाही. १९७३ मध्ये ऐन तारुण्यात त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. छप्पर आणि भाकरी यांची सोय सहकाराने होऊ शकते. त्यापलीकडचे ओझे ज्याचे त्यालाच वाहावे लागते.

पणिक्करांच्या निधनानंतरही गाव टिकून राहिले आणि २००९ मध्ये तेथे समकालीन कलेचे संग्रहालय उघडले. मद्रासच्या कलाचळवळीची चित्रे व शिल्पे तेथे एकत्र पाहावयास मिळतात. ती पाहताना त्यांच्यामागे उभे असलेले बाटिकचे साधे कापडही वाचकाने आठवावे. आश्रयदाता नाही म्हणून हात जोडून न बसता, त्याच हातांनी कलावंतांनी आपला आश्रय आपणच विणला होता.