दोन चाकांवरची बंदिस्त गाडी : तोल आणि सुरक्षितता

दुचाकी हे आज सर्वसामान्य कुटुंबाचे वाहन झाले आहे. किमतीने ते आवाक्यातले, इंधनाच्या बाबतीत काटकसरी आणि गर्दीतून वाट काढण्यास सोयीचे असते. परंतु त्यावर बसणारा माणूस उघडा असतो. ऊन, पाऊस आणि आघात हे तिन्ही त्याला थेट अंगावर घ्यावे लागतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७४ हजार ८९७ जण दुचाकीवरचे होते. मोटारीचे कवच आणि दुचाकीची अरुंद बांधणी यांचा मेळ घालता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी संशोधकांचा राहत नाही.

मेळ घालण्यात पहिली अडचण येते ती पायांची. सिग्नलपाशी दुचाकी थांबली की चालक नकळत एक पाय जमिनीला टेकतो. गाडीला दारे बसवून ती बंद केली की ही सोय जाते आणि थांबताक्षणी गाडी आडवी होणार हे उघड आहे. थोडक्यात, बंदिस्त दुचाकीला आपला तोल आपणच सांभाळणे भाग आहे.

स्वित्झर्लंडमधील पेराव्हेस या कंपनीने यावर साधा तोडगा काढला. अर्नोल्ड वाग्नर यांनी सिद्ध केलेल्या ‘इकोमोबाइल’ या बंदिस्त मोटारसायकलला वेग कमी होताच खाली उतरणारी दोन लहान चाके बाजूंना दिलेली होती. पुढे याच घराण्यातील विजेवर चालणाऱ्या गाडीने २०१० साली अमेरिकेतील ‘एक्स प्राइझ’ स्पर्धेत, एकामागे एक आसने असलेल्या वाहनांच्या गटात, २५ लाख डॉलरचे पारितोषिक मिळविले.

भोवऱ्याची करामत

दुसरा मार्ग अधिक कुतूहलाचा आहे. जोरात फिरणारा भोवरा आरीच्या टोकावर उभा राहतो. त्याला बाजूने ढकलले, तर तो त्या दिशेला कोसळत नाही. त्याचा आस काटकोनातील दिशेला कलतो. हाच नियम उलट बाजूनेही वापरता येतो. वेगाने फिरणाऱ्या जड चक्राचा आस मुद्दाम एका दिशेने कलवला की काटकोनात एक पीळ निर्माण होतो आणि तो पीळ कलणाऱ्या गाडीला सरळ करू शकतो. अशा चक्राच्या यंत्रणेस जायरोस्कोप म्हणतात. सहसा दोन चक्रे उलटसुलट दिशांनी फिरवितात, म्हणजे वळण घेताना त्यांचे परिणाम एकमेकांत विरतात आणि तोलाच्या कामी मात्र एकत्र येतात.

ही कल्पना नवी नाही. लुई ब्रेनन यांनी १९०९ साली इंग्लंडमध्ये जिलिंगहॅम येथे एकाच रुळावर तोल सांभाळणारी गाडी चालवून दाखविली. या प्रयोगाला लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कार्यालयाने पैसा पुरविला होता, कारण वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात एकेरी रूळ सोयीचा पडेल अशी अपेक्षा होती. १९१४ साली रशियन सरदार प्योत्र शिलोव्हस्की यांची दोन चाकांची मोटार लंडनच्या रस्त्यांवर उभी राहिली. तिचे एकटे चक्रच सुमारे ६०० किलोग्रॅमचे होते. तोल साधला खरा, पण एवढे लोढणे वागविणारी गाडी व्यवहारात टिकणे शक्य नव्हते. चक्रे लहान झाली ती पुढे हलक्या व वेगवान विद्युत मोटारी आणि क्षणाक्षणाला कल मोजणारी इलेक्ट्रॉनिक साधने हाती आल्यावर.

२०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झालेल्या ‘लिट मोटर्स’ कंपनीची ‘सी-१’ ही विजेची बंदिस्त दुचाकी याच साधनांवर उभी आहे. आत दोन आसने, मोटारीसारखे सुकाणू, आणि तळाशी चक्रांची जोडी अशी तिची रचना. नमुना-गाडीला दोरी बांधून बाजूला ओढले असता ती उलटली नाही, घसरत गेली. हे प्रात्यक्षिक जगभर वाखाणले गेले. गाडी मात्र जाहीर केलेल्या मुदतीत बाजारात आली नाही.

न पडणे आणि न दुखावणे

त्या प्रात्यक्षिकाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गाडी उभी राहिली म्हणून आघात नाहीसा झाला असे नव्हे. ट्रकने बाजूने धडक दिली तर सारा जोर गाडीच्या सांगाड्यावर आणि आतील माणसावर येणारच. तिथे उपयोगी पडतो तो मजबूत सांगाडा, आसनपट्टा आणि धक्का शोषून घेणारा पुढचा भाग, चक्रे नव्हेत. रस्त्यावर वाळू किंवा सांडलेले तेल असेल तेथेही तेच. चक्रे गाडीला उभी ठेवतील, पण चाकांना पकड देऊ शकणार नाहीत. शिवाय चक्राच्या आसाला कलण्याची मर्यादा असते. ती संपली की त्याचा पीळही संपतो.

वळणाचा हिशेबही टळत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचे वळण घेताना कोणतीही दुचाकी सुमारे २७ अंश कलावीच लागते. बंदिस्त गाडीत हा कल चालकाऐवजी यंत्रणा ठरविते, एवढाच फरक. बंद बाजूंवर वारा अधिक धरतो, हाही घाटरस्त्याच्या दृष्टीने लहान मुद्दा नव्हे.

मग तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे श्रेय कोणते? मंद वेगात आणि थांबताना गाडी पडत नाही हे एक, आणि तिच्यामुळे कवच शक्य होते हे दुसरे. हे दुसरे श्रेय अधिक मोलाचे आहे. कवचाचा विचार बीएमडब्ल्यू कंपनीने तोलाच्या यंत्रणेवाचूनही केला होता. २००० ते २००२ या काळात तिने ‘सी१’ नावाची छप्पर, संरक्षक सांगाडा आणि आसनपट्टे असलेली स्कूटर विकली. तिच्या बाजू उघड्या असल्याने पाय टेकता येत. जर्मनीत पट्टा बांधणाऱ्या चालकाला शिरस्त्राणातून सूट मिळाली, ब्रिटनमध्ये मिळाली नाही, आणि दोन वर्षांतच उत्पादन थांबले. पावसापासून मात्र तिने पुरता बचाव केला नाही. बंदिस्त गाडीचे खरे आकर्षण नेमके इथे आहे. कोरडे कपडे, आत ठेवता येणारे सामान आणि मोटारीच्या निम्मी रुंदी या गोष्टी ग्राहकाला सुरक्षिततेच्या आकड्यांपेक्षा लवकर पटतात.

सर्वांनीच चक्रांची वाट धरलेली नाही. होंडा कंपनीने २०१७ साली लास व्हेगास येथे दाखविलेली मोटारसायकल चक्रांवाचून, केवळ पुढच्या चाकाची सूक्ष्म हालचाल करून, जागच्या जागी उभी राहत होती. मुंबईच्या ‘लायगर मोबिलिटी’ने जानेवारी २०२३ च्या वाहन प्रदर्शनात कमी वेगात स्वतःचा तोल सांभाळणारी विजेची स्कूटर मांडली. ती उघडी आहे. गर्दीत रांगत जाणाऱ्या किंवा जड स्कूटर पेलण्यास कचरणाऱ्या चालकाला तिचा उपयोग होईल. धडकेच्या प्रसंगी मात्र तिच्या चालकाची स्थिती इतर दुचाकीस्वारासारखीच राहते.

भारतात अशी बंदिस्त गाडी आलीच, तर कायद्याच्या दृष्टीने ती कोणत्या वर्गात मोडेल हे स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटारसायकलची व्याख्या चाकांच्या संख्येवरून ठरते. दारे व छप्पर असल्याने तिच्यात फरक पडत नाही. याच अधिनियमाच्या कलम १२९ नुसार कोणत्याही प्रकारच्या मोटारसायकलवर शिरस्त्राण सक्तीचे आहे. तेव्हा काचा वर करून, पट्टा बांधून बसलेल्या चालकालाही तूर्त ते घालावेच लागेल.