मोठा रेडिएटर बसविण्याआधी गाडीचे दुखणे ओळखा

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीच्या मागांवरून ग्रे कापड उचलायचे, तारापूर एमआयडीसीतील प्रोसेस हाऊसमध्ये रंगवून घ्यायचे आणि पालघर, डहाणू, वापीकडच्या दुकानदारांना ताके पोचवायचे, यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा रेडिएटरवर लिहिणारे आम्ही कोण, असा प्रश्न वाचक बंधूंना पडणे साहजिक आहे. उत्तर एवढेच की, एका जुन्या काँटेसा गाडीने आम्हाला या विषयाची फी भरायला लावली. ती भरून जे शिकलो ते बोईसर-पालघर पट्ट्यातील गॅरेजवाले, रेडिएटरचे कारागीर आणि जुनी गाडी बाळगणारे व्यापारी यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे लिहीत आहोत.

काँटेसा ही हिंदुस्थान मोटर्सची गाडी. बंगालमधील उत्तरपाडा येथे १९८४ ते २००२ पर्यंत ती बनत होती. बॉडी मूळ इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सची. लांब, रुंद, बॉनेट सपाट. शौकीन मंडळी तिला हिंदुस्थानची मसल कार म्हणतात. अमेरिकेत मसल कार म्हणजे १९६४ च्या पाँटियाक जीटीओसारखी गाडी, जिच्यात आठ सिलिंडरचे ६.४ लिटरचे इंजिन असे. आपल्या काँटेसात सुरुवातीला ॲम्बेसेडरचेच १४८९ सीसीचे, पन्नासेक घोड्यांचे इंजिन होते. एवढ्या देहाला ते कसे ओढणार? पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आले, तेव्हा कुठे गाडीत जीव आला, आणि तीच काँटेसा क्लासिक. आमची गाडी त्यातली. वालिदसाहेबांनी घेतलेली, घरातील चार लग्नांच्या वराती तिच्यातून निघालेल्या. विकण्याचा प्रश्न नव्हता.

२०१८ च्या मे महिन्यात भर दुपारी पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंडीच्या चढावर काटा लाल रेघेला टेकला. एसी चालू, पुढे भरलेला ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. आम्ही उतरून सावलीत गेलो. ड्रायव्हर पोरगा तरुण; घाईघाईत फडके गुंडाळून त्याने रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी कोपरापर्यंत उडाले. त्याची महिन्याभराची मजुरी बुडू द्यायची नाही हे आम्ही पाहिले, पण हातावरचा डाग राहिलाच.

एका गॅरेजवाल्याने गाडी बघताच निकाल दिला: एसी बसवलाय, रेडिएटर छोटा पडतो, चार रांगांचा जाड कोअर टाकू. आम्हीही मान डोलावली. कापडाच्या व्यापाऱ्याला जाड माल चांगला वाटतो. शिवाय थर्मोस्टॅट म्हणजे अडथळा, असे सांगून त्याने तो काढून टाकला. हायवेवर गाडी ठीक चालली. पंधरा दिवसांनी बोईसरच्या नवापूर नाक्यावर गर्दीत अर्धा तास अडकलो आणि गाडी आधीपेक्षा लवकर तापली. हेड गॅस्केट गेले, हेड वाकले, फेसिंग करावे लागले. नवा कोअर, फेसिंग, गॅस्केट, मजुरी असा हिशेब केला तेव्हा त्या महिन्यातील दोन गाठींचा नफा त्यात गेला होता.

मग एका जाणकाराने बोईसरमधील एका वयस्क रेडिएटर मिस्त्रींकडे पाठवले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "शेठ, गाडी तापते कुठे? गर्दीत की पळताना?" आम्ही म्हणालो, "चाचा, चढावर आणि गर्दीत. हायवेवर नाही." त्यावर ते म्हणाले, "मग रेडिएटरचा गुन्हा सिद्ध झालेला नाही."

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली बहुतेक पाण्याला व रेडिएटरला बाहेर फेकावी लागते. यात गाडीचा दोष नाही. शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राचेच पाहा. १९६९ पासून तेथे वीज बनते. पण अणुभट्टीच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशाचीच वीज होते, बाकी उष्णता समुद्राच्या पाण्यावाटे सोडून द्यावी लागते. केंद्र किनाऱ्यावर बांधण्याचे एक कारण तेच. गाडीजवळ समुद्र नाही, फक्त हवा आहे. म्हणून इंजिनातली उष्णता पाण्यात, पाण्यातली नळ्यांत, नळ्यांतली पत्र्याच्या पातळ पापुद्र्यांत आणि तिथून हवेत, असा हा प्रवास आहे. वाटेत एका ठिकाणी रस्ता बंद असेल तर दुसऱ्या ठिकाणी तो कितीही रुंद करा, माल अडकणारच.

गाडी पळते तेव्हा हवा आपोआप जाळीतून घुसते. त्या वेळी गाडी तापत असेल तर संशय पाण्याच्या बाजूवर धरावा: नळ्या गाळाने बंद, वॉटर पंप कमजोर, खालचा होज पंपाच्या ओढीने आत चिमटलेला (त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली की असे होते), किंवा खरोखरच रेडिएटर लहान. गाडी उभी असताना किंवा रांगताना तापत असेल तर संशय हवेवर: पंखा, पट्टा, पंख्याभोवतीचे कव्हर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शराउड. इग्निशनचे टायमिंग मागे पडले किंवा कार्ब्युरेटर पेट्रोल कमी देऊ लागला तरी इंजिन जादा तापते, आणि त्यावर कोणताही रेडिएटर इलाज नाही. गार इंजिनावर झाकण काढून इंजिन सुरू केले असता पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट आधी तपासावे.

आमच्या गाडीत चाचांना काय सापडले? एसी बसविणाऱ्याने जागा होत नाही म्हणून शराउड काढून फेकला होता. पंखा जाळीपासून दूर, नुसता आपल्याच भोवतालची हवा घुसळत होता. समोर एसीचा कंडेन्सर, त्याची गरम हवा रेडिएटरवर. त्यात चार रांगांचा दाट कोअर. हायवेवर वाऱ्याच्या जोराने हवा त्यातून जाई, पण गर्दीत कमजोर पंख्याला ती ओढवेना. म्हणजे जाड कोअरने दुखणे वाढवले होते.

जाडी आणि पसारा यांतला हा फरक कारागीर बंधूंनी नीट ध्यानात घ्यावा. हवा पहिल्या रांगेवरून जाताना गरम होते, दुसऱ्या रांगेला कोमट मिळते, चौथीपर्यंत पोचताना तिच्यात उष्णता उचलण्याची ताकद थोडीच उरते. वर प्रत्येक रांग हवेला अडवते. उलट समोरून दिसणारा पसारा वाढवला तर वाढलेल्या प्रत्येक इंचाला ताजी हवा मिळते. समजा कोअर १६ बाय १८ इंचाचा आहे, म्हणजे २८८ चौरस इंच. तो १८ बाय २२ केला तर ३९६ होतात, सव्वापटीहून जास्त. जाडी तीच ठेवूनही ही वाढ पूर्णपणे कामाची. काँटेसाच्या बॉनेटखाली जागा भरपूर आहे, तेव्हा तिथे जाडीच्या मागे लागण्याचे कारणच नाही. चाचांनी चार रांगांचा कोअर काढून दोन्ही बाजूंनी रुंद असा तीन रांगांचा, तांब्या-पितळेचा कोअर बांधला.

बसविण्याचे काम त्यांनी कसे केले ते आम्ही स्टूल टाकून बसून पाहिले. आधी पुठ्ठा कापून तो रेडिएटरच्या जागी धरला, बॉनेट लावून पाहिले, पंखा हाताने फिरवला. पंखा आणि जाळीमध्ये किमान इंचभर जागा हवी, कारण ब्रेक मारला की इंजिन आपल्या रबरांवर पुढे झुकते. रेडिएटर थेट नटबोल्टने आवळला नाही, खाली-वर रबर दिले; बॉडी पिळवटते तेव्हा झाळलेले सांधे फुटतात ते या रबराअभावी. वरची टाकी इंजिनाच्या पाण्याच्या वाटेपेक्षा खाली गेली तर हवा अडकून राहते, तीही उंची पाहिली. होजचे तोंड जुन्याच मापाचे ठेवले. मग पत्र्याचा शराउड कापला, पंख्याची पाती अर्धी त्याच्या आत, अर्धी बाहेर. कडेच्या फटी रबरी पट्टीने बंद केल्या. आम्ही विचारले, "चाचा, एवढ्या फटींनी काय बिघडते?" ते म्हणाले, "शेठ, हवा आळशी असते. फट दिसली की जाळीतून कशाला जाईल?"

थर्मोस्टॅट त्यांनी परत बसवला, ८२ अंशांचा. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात फिरतो. शिवाय गार इंजिन पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते.

झाकणाविषयी आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती, असे नंतर वाटले. पॉलिस्टर रंगविणारे प्रोसेस हाऊसवाले जेट मशीनमध्ये १३० अंशांवर पाणी ठेवतात आणि ते उकळत नाही, कारण भांडे बंद असते व आत दाब असतो. रेडिएटरचे झाकण तेच काम करते. ०.९ किलो दाबाचे चांगले झाकण असेल तर साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते. रबर कडक झाले की दाब धरत नाही, आणि शंभराला उकळी येते. तेच झाकण गरम इंजिनावर उघडले की दाब एकदम जातो आणि पाणी उकळून वाफेसह वर येते. दाबाखालच्या जेटचे झाकण कोणी उघडत नाही. गाडीचे मात्र उघडतो. आमच्या ड्रायव्हरला हे आम्ही आधी सांगायला हवे होते.

पाण्याचेही तसेच. जेटच्या हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार बसले की बाथ गार व्हायला वेळ लागतो आणि पाळीत एक लॉट कमी निघतो, हे तारापूरला कोणीही सांगेल. तरी तारापूर, चिंचणीकडचे खारट बोअरचे पाणी आपण बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओततो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे घालावे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. पण त्यातील गंजरोधक द्रव्यासाठी तो लागतोच. नवा कोअर बसविण्याआधी इंजिनाचा ब्लॉकही उलट्या धारेने धुवावा. आमच्या ब्लॉकमधून चिखलासारखा तांबडा गाळ निघाला. तो तसाच राहता तर नव्या नळ्या वर्षात बुजल्या असत्या.

आता धंद्याची बाजू. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. फुटले की बहुतेक जण बदलतात. त्यामुळे टाकी उघडून नळ्यांत सळई मारणारे, कोअर बांधून झाळणारे हात कमी होत चालले आहेत आणि मुले या कामाला येत नाहीत. पण जुन्या गाड्या, ट्रॅक्टर, कारखान्यांचे जनरेटर यांना हे काम लागतेच. ज्याच्याकडे हे हुनर आहे त्याने त्याची किंमत नीट मांडावी. चाचांनी आमच्याकडून तपासणीचे पैसे वेगळे घेतले, आधी सांगून. कागदावर कोअरचे माप, रांगा, झाकणाचा दाब, थर्मोस्टॅटचा अंश लिहून दिला. काम झाल्यावर हातात धरायच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने वरच्या व खालच्या होजचे तापमान आमच्यासमोर मोजून त्याच कागदावर टिपले. पहिल्या गॅरेजवाल्याच्या बिलावर "रेडिएटर काम" एवढेच दोन शब्द होते. त्यावर आम्ही भांडणार तरी कशाच्या आधारे? ग्रे कापडाच्या चलनावर ताके, मीटर, पन्हा लिहिल्याशिवाय आपण माल उचलत नाही. गाडीच्या कामात मात्र लाजतो.

मोठा रेडिएटर बसवला म्हणून सहसा नोंदणीपुस्तकात काही बदलत नाही. पण त्याच्या जोडीला इंजिन बदलण्याचा विचार असेल तर आरटीओची मंजुरी आधी घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ त्यासाठीच आहे. विजेचा पंखा लावायचा असल्यास तो जाळीच्या मागे, हवा ओढणारा लावावा, आणि जुन्या अल्टरनेटरला तो भार झेपतो का हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. रिले लावल्याशिवाय थेट स्विचवर जोडू नये, वायर जळते.

आमची गाडी त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात वाघोबा खिंड चढते. काटा अर्ध्याच्या थोडा वर जातो आणि उतारावर खाली येतो. दर दोन वर्षांनी कूलंट बदलतो, झाकणाचे रबर पाहतो. ड्रायव्हर तोच आहे. गाडी थांबली की आता अर्धा तास बॉनेटला हात लावत नाही, आम्ही सांगितले तरी.