भजनांच्या सीडीसाठी कोणता रायटर?

प्रश्न : वडिलांच्या भजनी मंडळाने गायलेल्या माणिकप्रभूंच्या पदांच्या कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. नातेवाइकांना सीडी करून द्यायच्या आहेत. कोणता सीडी रायटर घ्यावा?
– एक वाचक, भालकी (जि. बीदर)

उत्तर : फार मोलाचं काम केलंत. नुसता सीडी रायटर शोधू नका, डीव्हीडी रायटर घ्या. तो सीडीही लिहितो. डेस्कटॉप असेल तर आत बसणारा साटा जोडणीचा. आत रुंद, चपटी आयडीई केबल दिसली किंवा लॅपटॉप असेल, तर यूएसबीचा बाहेरचा रायटर घ्या आणि हब न वापरता थेट पोर्टला लावा.

डब्यावरचा ‘52 एक्स’ आकडा पाहून जादा पैसे मोजू नका. गाण्यांची सीडी मी 16 किंवा 24 एक्सवरच लिहितो. सीडी-आर घ्या, आरडब्ल्यू नको. जुने प्लेअर ती बरेचदा वाचत नाहीत. लिहिताना ‘ऑडिओ सीडी’ हाच पर्याय निवडा. नुसत्या एमपी3 फायली टाकल्या तर आजीच्या जुन्या प्लेअरवर काहीच वाजणार नाही. एका सीडीत 80 मिनिटं मावतात. लांबलेलं पद मध्येच तुटू नये म्हणून आधी वेळेची बेरीज करा.

आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. लिहिताना ती गेली की सीडी-आर वाया, म्हणून संगणक यूपीएसवर हवा. बीदर-कलबुर्गीच्या उन्हाळ्यात सीडी गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका; ऊन-उष्णतेने तिच्यातला रंगाचा थर खराब होतो. मूळ फायली हार्ड डिस्कवर ठेवाच, आणि कॅसेटही टाकू नका.